पाकिटाच्या मागच्या बाजूला

गेथिनकाकांचा पत्ता मी बदलला. तसं कुणी सांगितलं नव्हतं. संगणकासमोर बसलं की मला समाजसेवेचा झटका येतो, त्यातलाच हा प्रकार.

गेथिन पार्री, वय त्रेसष्ट, आमच्या शेजारी राहतात. गिलाव्याचं काम करतात. वेल्समधल्या आमच्या या खोऱ्यातल्या निम्म्या भिंतींवर त्यांचा हात फिरलेला आहे. ठेकेदार मजुरी देतानाच शंभरातले वीस पौंड करापोटी कापून घेतो. मग वर्ष संपलं की काकांनी स्वतःचं विवरणपत्र भरायचं, डिझेल, थाप्या, बादल्या असा खर्च दाखवायचा आणि जास्तीचा गेलेला कर परत मागायचा. अकरा वर्षं ते हा कागद आधी पेन्सिलीने आणि मग शाईने स्वतःच भरत आले. यंदा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून मी म्हटलं, द्या इकडे. गावच्या शाळेत मी संगणकात पहिला आलो होतो. वर्गात आम्ही नऊ जण होतो, हे मी सहसा सांगत नाही.

कर खात्याकडे त्यांचा पत्ता डोंगरापलीकडच्या ट्रेफानचा होता. ते घर तर त्यांनी अकरा वर्षांपूर्वीच सोडलेलं. मी पत्ता दुरुस्त केला आणि बँकेचा खातेक्रमांकही भरून टाकला, म्हणजे टपालाने येणाऱ्या चेकची वाट बघायला नको. पंधराव्या दिवशी अकराशे चाळीस पौंड खात्यात जमा. चहाबरोबर मनुकांचा केक नक्की, अशा हिशेबाने मी त्यांच्याकडे गेलो.

काका खिडकीशी बसले होते. पोस्टमन नुकताच पुढे गेला होता.

"पैसे आले ना?" मी म्हटलं.

"आले. पाकीट नाही आलं."

आता पाकीट कशाला येईल, सगळं थेट खात्यात, असं मी मोठ्या कौतुकाने समजावून सांगितलं. ते उठले आणि मोजपट्टी ठेवायच्या खणातून तपकिरी पाकिटांचा गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला.

अकरा पाकिटं होती. प्रत्येकावरचा ट्रेफानचा पत्ता दोन सरळ रेघांनी खोडलेला, खाली निळ्या शाईत इथला पत्ता, कोपऱ्यात नवं तिकीट. आणि मागच्या बाजूला एकच ओळ. 'जिन्याखालचा नळ बदलला.' 'यंदा सफरचंदं फार आंबट.' 'मांजर गेलं. तुझ्या खुर्चीत.'

अक्षर नेस्ताकाकूंचं, काकांच्या बायकोचं होतं. ट्रेफानच्या घरात त्या अजून राहतात.

ही दोघं का वेगळी झाली ते सगळ्या खोऱ्याला माहीत आहे. काकांनी गावोगावची घरं गुळगुळीत केली, पण स्वतःच्या घरातली जिन्यालगतची भिंत नऊ वर्षं उघड्या विटांची राहिली. काकूंनी विचारलं की उत्तर ठरलेलं: पुढच्या आठवड्यात. एका रविवारी काकूंनी काकांची पिशवी भरून दाराबाहेर ठेवली. सगळ्यात आधी आत टाकली ती थापी.

"म्हणजे जुना पत्ता तुम्ही मुद्दाम लिहायचात?"

"तुला काय वाटलं, मला माझं घर माहीत नाही?"

मी ओशाळलो. पत्ता पुन्हा पहिल्यासारखा करतो म्हणालो.

"नको. मी खोटं लिहीत होतो ते माझ्या हाताने. तू लिहायचं नाही." मग खिडकीकडे बघत, "तिला वाटेल, काम सोडलं. नाहीतर मेलो."

जाऊन सांगा की, मी म्हटलं. बसने जेमतेम चाळीस मिनिटं.

"काय म्हणून जाऊ?"

मी गठ्ठा चाळत होतो. "काका, एवढी तिकिटं काकूंनी पदरच्या पैशांनी लावली. ती कधी फेडलीत?"

काकांनी गठ्ठा ओढून घेतला आणि कोपऱ्यातली तिकिटं मोजली. संगणकातला पहिला नंबर तेवढ्यापुरता तरी कामी आला असावा.

शनिवारी निघालो. चूक तुझी, तर तूही चल, असा हुकूम होता. काका दाढी करून, लग्नाकार्याचा कोट घालून आले होते. पोस्टात त्यांनी आठ तिकिटांची छोटी वही घेतली. अकरा हवीत, सुटी मिळतात, मी आठवण केली.

"मोतीबिंदू काढलाय माझा. मोजता येतं मला."

ट्रेफानला दार काकूंनीच उघडलं. हात पिठाचे. आधी कोट पाहिला, मग काका. माझ्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही, मीही जरा फाटकाशीच थांबलो. काकांनी वही पुढे केली आणि पाकिटं आता यायची नाहीत, पोराने पत्ता बदलला, तिकिटांचं देणं राहिलं होतं, असं सगळं एका दमात सांगून टाकलं.

काकूंनी हात पुसले, वही उघडली आणि बोट ठेवून तिकिटं मोजली.

"आठच आहेत."

"तीन राहिली."

"ती कधी?"

"पुढच्या आठवड्यात," काका म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून कानापर्यंत लाल झाले.

काकूंच्या मागे जिना दिसत होता. जिन्यालगतची भिंत अजून उघड्या विटांची होती. वीस वर्षांत तिला दुसऱ्या कुणाची थापी लागली नव्हती.

काकूंनी वही एप्रनच्या खिशात टाकली. आत या म्हणाल्या नाहीत. दार मात्र धरून तशाच उभ्या राहिल्या.