पिंजऱ्याला गुंडाळलेली साडी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. निखिलला, माझ्या नवऱ्याला, तर मुळीच नाही. तुम्ही त्याच्या आईला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलते आहे.

इथे अमेरिकेत, चँडलरच्या आमच्या घरात एक शॅमेलिऑन मादी आहे. रंग बदलणारा सरडाच तो, पण माझा तिच्यावर भारी जीव. आणली तेव्हाच तिच्या पोटात अंडी होती. ती मी सात महिने कपाटात, डब्यात जपली. पिल्लं बाहेर आली ती नेमकी सासूबाई नागपूरहून आल्या त्या आठवड्यात. नऊ पिल्लं, काडेपेटीतल्या काडीएवढी.

"अगं, घरात सरडे पाळतं का कोणी?" सासूबाई म्हणाल्या. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

इतक्या लहान पिल्लांना बारीक जाळीचा पिंजरा लागतो, हे मला माहीत होतं. पण ऑफिसच्या धबडग्यात कोण आणणार? मादीचा जुना पिंजरा होता, त्यातच ठेवली. चालेल थोडे दिवस — असं म्हटलं.

चौथ्या दिवशी आठच दिसली. मग सात. दिवसभर आम्ही दोघं ऑफिसात, घरी एकट्या सासूबाई. मग मी काय समजायचं? तोंडावर विचारायची हिंमत नव्हती, म्हणून मी — सांगायलाही लाज वाटते — त्या खोलीच्या दारात चिमूटभर तांदळाचं पीठ भुरभुरलं. पाऊल उमटेल म्हणून. संध्याकाळी येऊन बघते तर फरशी लख्ख.

"पीठ सांडलं होतं गं, पुसून घेतलं."

तुम्ही हसाल. मला तो पुरावा वाटला.

मग सहा उरली. त्या दिवशी पिंजऱ्याभोवती त्यांच्या नायलॉनच्या साडीचा तुकडा, नीट टाके घालून बसवलेला. "भोकं मोठी आहेत गं याची," त्या म्हणाल्या. मला वाटलं, सरडे नजरेसमोर नकोत, म्हणून हा बहाणा. त्यांच्यादेखत मी तो ओढून काढला आणि गॅरेजमधल्या कचऱ्यात टाकला. निखिलला सांगितलं, तुझी आई पिल्लं बाहेर सोडते. तो त्यांच्याशी काय बोलला, मी विचारलं नाही. त्यांनी परतीचं तिकीट अलीकडचं करून घेतलं.

गुरुवारी मी घरूनच काम करत होते. पिंजऱ्यात पाणी फवारायला गेले, तर एका पिल्लानं जाळीच्या भोकात डोकं घातलं, अंग चपटं केलं आणि — आलं की बाहेर. अगदी आरामात.

शेजारच्या खोलीत सासूबाई बॅग भरत होत्या. चार पावलं होती. चार पावलं टाकायला काय लागतं हो? मी पिल्लू आत ठेवलं आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

शनिवारी विमानतळावर त्यांनी माझा हात धरला. "मी नाही गं सोडली तुझी पिल्लं."

"जाऊ द्या हो आई," मी म्हटलं, "माझ्या मनात काही नाही."

म्हणजे — मी त्यांना माफ केलं! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाठीवरून हातही फिरवला.

घरी येऊन कचऱ्यातून तो तुकडा काढला, धुतला, पिंजऱ्याला पुन्हा शिवला. सहाच्या सहा पिल्लं जगली. बाकीची तीन पुढे कपाटामागे सापडली, वाळलेली. ती मी गुपचूप टाकून दिली.

सासूबाई पुन्हा आल्या नाहीत. मित्रमंडळी जेवायला जमली की निखिल आईनं सरडे सोडून दिल्याचा किस्सा रंगवून सांगतो. सगळे हसतात. मीही हसते.