उद्या पाणी येणार नाही

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! सांगतो, पण आधी चहा संपवा. नाहीतर नाकातनं येईल.

मी सॉफ्टवेअरवाला. कळंब्याकडं आमची कॉलनी, सगळ्यांत मिळून पाण्याची एकच टाकी. ती भरणार एक दिवसाआड. चेअरमन अण्णा म्हणाले, "पाण्याचा निरोप समद्यांच्या मोबाईलवर गेला पायजे. जमतंय का?"

ग्रुपवर एक ओळ टाकली असती तरी भागलं असतं. पण मग आमच्या डिग्रीचं काय लोणचं घालायचं? मी थेट इंटिग्रेशन फ्रेमवर्क बसवलं! त्यात निरोपांचे रूट आखायचे. म्हणजे निरोप आला की कुठल्या वाटेनं कुणाकडं धाडायचा, ते आधीच ठरवून ठेवायचं. माझा रूट एकदम सोपा. निरोपात 'टेस्ट' शब्द दिसला, तर फक्त माझ्या मोबाईलवर. नाही दिसला, तर अख्ख्या कॉलनीला.

रविवारी सकाळी रुबाबात पहिला निरोप सोडला, 'टेस्ट. उद्या पाणी येणार नाही.'

माझा मोबाईल वाजला. व्वा! मग शेजारचा वाजला. मग वरचा. मग समोरची अख्खी लाईन!

अहो, रूटमध्ये 'टेस्ट' लिहिलेलं इंग्रजी अक्षरांत, आणि निरोप मराठीत! त्या यंत्राला काय डोंबल कळणार?

घाईघाईनं दुसरा निरोप सोडला, 'आधीचा निरोप चुकीचा. पाणी येणार आहे.'

शेजारच्या वहिनी गॅलरीतनं ओरडल्या, "आता येणार म्हंत्यात! म्हंजे परवाबी न्हाय बघा! भरा गं समदं!"

बादल्या भरल्या, कुकर भरले, पोरांच्या वॉटरबॅगा भरल्या. एका बहाद्दरानं कूलर भरला!

आमच्या आईनंही हंडा नळाखाली लावला.

"आई, काढ तो. निरोप मीच पाठवलाय, खोटा हाय."

"नक्की?"

"इंजिनिअर हाय की मी!"

हंडा परत कट्ट्यावर.

दुपारपर्यंत कॉलनीनं टाकी खडखडीत केली. सोमवारी नळ सोडला, तर नुसतं फुस्स!

तेवढ्यात अण्णा दारात. म्हटलं, आता चप्पल निघणार. तर त्यांनी पाठीत धपाटाच घातला, कौतुकाचा! "मर्दा, काय सिस्टीम केलीस! आदल्या दिवशी सांगितलं, आन् खरंच पाणी आलं न्हाय! कमिटीचा निरोप पैल्यांदा खरा ठरला की!"

अण्णा गेले. आईनं माझ्या हातात बादली दिली आणि शेजारच्या दाराकडं बोट केलं.

गेलो. मान खाली घालून बादली पुढं केली.

वहिनींनी बादलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"का वो भावजी, तुमास्नी मेसेज आला नव्हता व्हय?"