आईच्या बियाण्याची रोपं

आई गेल्यावर माहेराहून मी एकच वस्तू मागून आणली. टोमॅटोचं बी. तिनं पिकलेलं फळ कागदावर चोळून वाळवलं होतं. फळ लहान, आंबट, पातळ सालीचं. बाजारात असलं आता कुणी आणत नाही. बी जुनं झालेलं, पुढच्या वर्षी उगवेल याचा भरवसा नव्हता, म्हणून त्या उन्हाळ्यात मी सगळंच पेरलं.

आमचं घर महाळुंग्यात, एका कंपनीच्या भिंतीला लागून. शेत उरलं होतं ते घरामागचा एक तुकडा. अंगणात कडुनिंबाखाली कंपनीतून भंगारात निघालेले क्रेट मांडून मी त्यात माती-शेणखत भरलं आणि वर चार बांबूंना हिरवी जाळी बांधली. पाणी सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर. पाइपातलं पहिलं पाणी इतकं तापलेलं असायचं की ते आधी मोरीत सोडून द्यावं लागे. रोपं चार पानांवर आली. पान चुरगळलं की आईच्या हाताचा वास यायचा.

त्याच महिन्यात नवऱ्यानं गाडी घेतली.

सासूबाईंचे डोळे तपासायला मी त्यांना चिंचवडला घेऊन गेले, तो दिवस. संध्याकाळी परत आलो तर कडुनिंबाखाली गाडी उभी, तिच्यावर माझी जाळी. क्रेट कुंपणाजवळच्या सिमेंटवर, उघड्या उन्हात. रोपं आडवी पडलेली.

हे रात्रपाळी करून आले होते, झोपून उठून चहा पीत होते. मी म्हटलं, "अहो, रोपं उन्हात ठेवलीत?"

"गाडी तापत हुती. आतलं प्लास्टिक खराब हुतंय."

"जाळी तरी ठेवायची."

"एका दिसानं काय हुतंय? पाणी घाल, उठतील." मग हसून म्हणाले, "एवढंच आसंल तर तुझी साडी टाक की एखादी."

मी खरंच साडी टाकली. क्रेट घराच्या भिंतीच्या सावलीत ओढले, पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी ह्यांचे मित्र गाडी बघायला आले. हे त्यांना क्रेटजवळ घेऊन गेले. "बघा राव, आमच्यात रोपांस्नी साडी नेसवत्यात." सगळे हसले. मी आतून चहा आणत होते. एकानं मला विचारलं, "वहिनी, ब्लाउजपण शिवला का?" हेही हसत होते.

बरीचशी रोपं गेली. थोडी मात्र उठली. खोड वाकडं, खालची पानं जळलेली, पण शेंड्याला नवा हिरवा ठिपका. मी दिवसातून कितीदा तरी जाऊन बघायचे.

आठवड्यानं मी दळण घेऊन आले तर दारात नर्सरीचा ट्रे. काळा, कप्प्या-कप्प्यांचा, एकसारखी तजेलदार रोपं.

"घे," हे म्हणाले. "हायब्रीड हाय. उगी तोंड पाडून बसू नगंस."

"आणि माझी?"

"ती मरतुकडी? उपटून टाकली. रोग पसरला आसता ह्या रोपांवर."

मी उकिरड्याकडे गेले. रोपं होती, पण उपटून बराच वेळ झाला होता. मुळं दोऱ्यासारखी वाळली होती.

रात्री भाकरी थापताना माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या आयेनं दिलेली गाय ह्याच्या बापानं मला न इचारता इकली. म्या मेले का? न्हाई ना. भाकरी करपतीया बघ."

ती हायब्रीड रोपं घरामागच्या तुकड्यात मीच लावली, मीच वाढवली. फळं भरपूर लागली, कडक, जाड सालीची. हे पिशव्या भरून कंपनीत वाटायचे. पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या हिच्या हाताला लई गुण हाय. फकस्त रोपं चांगली आणून द्यावी लागत्यात."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी विचारलं, "यंदा न्हाई का लावायचं काही?"

"नाही."

"कंटाळलीस व्हय," असं म्हणाले, आणि घरामागच्या तुकड्यावर कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधायला मिस्त्री बोलावला.