नवी बाटली, जुना डोस

वैशालीताई गेल्या.

आज सकाळी. घाटकोपरच्या ज्या हॉस्पिटलात त्यांनी अर्धं आयुष्य नर्स म्हणून काढलं, तिथेच.

माझी मोठी नणंद. लग्न झाल्यापासून मी त्यांना टरकून असायचे. बाळाला दुपटं कसं गुंडाळायचं इथपासून सगळ्यात त्या बोलणार.

पण एक दुपार आहे. ती सांगितल्याशिवाय आज राहवत नाही.

आमचा सम्यक तेव्हा दीड वर्षाचा. त्याला फिट यायच्या. औषध सकाळ-संध्याकाळ पाच एमएल, आम्हाला तोंडपाठ.

त्या दिवशी बाटली फुटली आणि अख्ख्या मुलुंडमध्ये ते सिरप मिळेना. सकाळचा डोस चुकला. दुपारी राहुल, माझा नवरा, भांडुपहून एक बाटली घेऊन आला. औषध तेच, कंपनी वेगळी.

तोवर सम्यकच्या ओठाचा कोपरा उडायला लागला होता. फिट यायच्या आधी असंच व्हायचं.

"दे ना लवकर. पाच एमएल," राहुल म्हणाला.

मला बाटलीवरचा आकडा वेगळा दिसला. जुन्या बाटलीत पाच एमएलमध्ये तीस मिलिग्रॅम असायचं. हिच्यात पाच एमएलमध्ये एकशे पंचवीस.

डॉक्टरांचा फोन लागेना. मी ताईंना लावला, दोन्ही आकडे वाचून दाखवले.

"ताई, किती देऊ ते सांगा फक्त."

"नाही सांगणार. तू हिशोब काढ. मी पण इकडे काढते."

"अहो, त्याचा ओठ उडतोय..."

"बघतोय ना तुझ्याकडे? नीट गिळतोय? मग काढ. त्याला तीस मिलिग्रॅम हवंय. पाच एमएल डोक्यातून काढून टाक."

"आता काय शाळा भरवली का हिने?" राहुल बाजूला ओरडत होता. खरं सांगते, त्या क्षणी मलाही त्यांचा भयंकर राग आला.

लाइटबिलाच्या मागे लिहिलं.

पाच एमएलमध्ये एकशे पंचवीस. म्हणजे एका एमएलमध्ये पंचवीस.

मग तीससाठी? तीस भागिले पंचवीस.

पेन घामाने सटकत होतं. पुन्हा केलं. तेच आलं.

"एक पॉइंट दोन एमएल," मी म्हटलं.



"माझंही तेच आलं. चमच्याने नको, सिरिंजमध्ये भर. दे. आणि डॉक्टरांना फोन लावत राहा."

दिलं.

थोड्या वेळाने डॉक्टरांचाच फोन आला. मी सगळं सांगितलं. "डोस बरोबर आहे. पाच दिलं असतं तर चौपटीच्या वर गेलं असतं. आता उशीर नको, घेऊन या त्याला."

क्लिनिकमध्ये त्याला तपासलं, बसवून ठेवलं. हळूहळू ओठ उडायचा थांबला. तो माझ्या खांद्यावर झोपला.

तेवढ्यात ताई आल्या. ड्युटीवरून तशाच, युनिफॉर्ममध्ये. फोनवर तो करडा आवाज, आणि आता त्यांना पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. राहुलने उघडून दिलं.

मी विचारलं, "सरळ सांगून टाकलं असतं तर काय झालं असतं?"

"आणि माझं चुकलं असतं तर? तू डोळे मिटून दिलं असतंस." त्या सम्यककडे बघत होत्या. "वॉर्डातल्या पोरांचं मी रोज करते गं. हा आपला आहे ना. माझं डोकं चालेल की नाही, मलाच भरवसा नव्हता."

त्यानंतर मला त्यांची भीती कधी वाटली नाही.

सम्यक आता पाचवीत आहे. औषध कधीच बंद झालं. सकाळी तो शाळेत गेल्यावर फोन आला, त्यामुळे त्याला अजून काहीच माहीत नाही.

त्याला आणायला निघालेय.

ताई, तुम्हाला आमच्या तिघांचा शेवटचा जयभीम.