काकांचा ट्रिगर

इकडे परदेशात, शुगर लँड गावात आमच्या शेजारच्या गराजमध्ये गाडी नसते, काका असतात. रिटायर्ड पाइपलाइन इंजिनिअर. लष्कराने मोडीत काढलेली एक जुनी रायफल त्यांनी घेतली आणि ट्रिगर जड लागतो म्हणून वर्षभर तो पॉलिश करत बसले. मी दिसलो की हाक यायची, "ये, ओढून बघ. रिकामी आहे. कालच्यापेक्षा स्मूथ ना?"

मला फरक कधीच कळला नाही. मी आपला म्हणायचो, "लोणी, काका!"

परवा एकदाचे नेमबाजीच्या रेंजवर गेलो. काकांनी दहा गोळ्या झाडल्या. टार्गेटचा कागद कोराच्या कोरा. काकांनी मात्र त्या कागदाची नीट घडी घालून तो खिशात ठेवला.

"बघितलंस? ट्रिगर एकदाही अडखळला नाही."

"पण काका, नेम..."

"नेम माझ्या डिपार्टमेंटमध्ये येत नाही."