मांडवच्या घाटातली पाठमोरी मोटार

माझ्यावर उपकार केले ते आमच्या सरकारांच्या चोपदारांनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण मोटारीची हकीकत एकदा सुरू झाली की मला भान राहत नाही आणि माणूस सांगायचा राहून जातो. मी त्यांना मामा म्हणतो. ते नसते तर आज मी पाटणच्या खोऱ्यात चुलत्याच्या म्हशींमागे हिंडत असतो, आणि चुलता चार माणसांत म्हणत असता, "बघा, परत आले आमचे विलायती गाडीवान!"

शाळा मी मराठी चौथीत सोडली. पुण्याला एका गिरणीत तेलाच्या इंजिनाशी झटलो, मग मुंबईला मोटारी धुता धुता हाकायला शिकलो. तिथं सरकार मोटार घ्यायला आले आणि घोड्याबरोबर खरारा घ्यावा तसं मलाही घेऊन माळव्यात, धारेला आले. सरकार म्हणजे संस्थानचे राजे नव्हेत, दरबारातले एक सरदार. पण वाड्यात आणि मोटारीत त्यांना सरकारच म्हणायचं. माझी नेमणूक कच्ची होती. कारभाऱ्यांच्या मनात आलं की ती मोडायची. त्यांच्या मनात काय आलंय हे बघण्यातच माझा निम्मा दिवस जाई.

मोटार मूळची फक्कड. दोन माणसांची, लांब नाकाची, धावण्यासाठीच घडवलेली. पण माळव्यात आलं की प्रत्येकाचंच अंग भरतं, तसं तिचंही भरलं. सरकार कुठं एकटे जात नसत. म्हणून सुतारानं मागं एक बाक ठोकला. त्यावर छत्रीवाला आणि पानदानवाला. बाजूच्या पायफळीवर हातात चांदीचा दंड घेऊन मामा. मामांचं शरीर एखाद्या बुरुजासारखं. ते उजवीकडं चढले की मोटार उजवीकडं कलायची. मग ती सरळ दिसावी म्हणून डावीकडं एक वाळूचं पोतं बांधलं होतं. या थाटात आम्ही बाजारातून निघालो की मामा ललकारी देत, "निगाह रखो!" आणि मागून येणारी गाढवं आम्हाला बाजूला सारून निघून जात.

अशात महूच्या छावणीतल्या काही हौशी साहेबांनी मांडवच्या घाटात मोटारींची चढाई ठरवली. पायथ्यापासून गडापर्यंत कोण लवकर चढतो ते बघायचं, एवढाच खेळ. मोठ्या इंजिनांचा पहिला वर्ग, लहान इंजिनांचा दुसरा. आमचं इंजिन लहान. दुसऱ्या वर्गात नाव घालू, असं मी सुचवलं, तर सरकारांनी माझ्याकडं असं बघितलं की मी निघायला वहाणा शोधू लागलो.

"दुसऱ्या वर्गात आम्ही आगगाडीतसुद्धा बसलो नाही," ते म्हणाले. "देवासचे सरदार कोणत्या वर्गात आहेत?"

"पहिल्या," कारभारी म्हणाले.

संपलं. देवासात एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन गाद्या, त्यामुळं मानाची मापं काढण्यात तिकडची मंडळी आमच्याहून पटाईत. त्यांच्यापेक्षा खालच्या वर्गात आमची मोटार? आमची पहिल्यातच गेली. बाहेर आल्यावर कारभारी मला हळूच म्हणाले, "हे बघा देशावरचे, घाट चढली तर तुमची नेमणूक पक्की. नाही चढली, तर बैल आहेतच आपल्याकडं. बैलांना ड्रायव्हर लागत नाही."

इंजिन मोठं करता येत नाही, म्हणून मी वजन कमी करायला घेतलं. टप काढला, दारं काढली, मडगार्ड काढले. त्याला कुणी हरकत घेतली नाही. बाक काढला मात्र वाड्यात आकांत झाला. छत्रीवाल्याच्या आज्यानं म्हणे लढाईतसुद्धा छत्री सोडली नव्हती. मी म्हटलं, "अहो, आपण गडावर पोचेपर्यंत ऊन कितीसं लागणार?" तर तो म्हणाला, "उन्हासाठी कुठं असते छत्री?" मी दिवसा बाक काढायचा, सकाळी येऊन बघावं तर पुन्हा ठोकलेला. भोंगा काढला तेव्हा तर कारभाऱ्यांनी विचारलं, "म्हणजे सरकार मुकाट्यानं जाणार?" शेवटी सरकारांनीच निवाडा दिला: छत्री आणि पानदान आधीच गडावर जाऊन वाट बघतील. चोपदार मात्र संगतीलाच पाहिजे. चोपदाराशिवाय जाणं म्हणजे पागोट्याशिवाय जाणं. मामा पायफळीवर राहिले आणि त्यांच्याबरोबर वाळूचं पोतंही राहिलं.

तशीच मोटार घेऊन मी घाटात तालीम करायला गेलो. संगतीला मामा होतेच. सरकारांच्या जागी गव्हाची गोणी ठेवली. तिसऱ्या वळणावर चढ उभा झाला आणि इंजिन दोनदा खोकून बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. घाम पुसत मी ती कशीबशी फिरवून उताराला तोंड केलं, तर पठ्ठी लगेच चालू! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पेट्रोलची टाकी आसनाखाली. नाक वर झालं की इंजिन टाकीच्या वर जातं आणि तिथवर पेट्रोल पोचतच नाही. मग नाक खालीच ठेवलं तर? मी उलटा गिअर टाकला. मोटार पाठ पुढं करून, कुरकुरत, मांजरीसारखी घाट चढू लागली. मामांना उतरवून बघितलं, तर आणखी झपाट्यानं चढली. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं.

मामा धापा टाकत वर आले आणि म्हणाले, "भिया, मोटार चढली. पण वाड्यात सांगणार कोण?"

सांगितलं मीच, हात जोडून. कारभारी उठून उभे राहिले.

"सरकार पाठमोरे गडावर जाणार? वर साहेब बसलेले. त्यांना पाठ दाखवणार? आणि खाली आपली माणसं उभी. त्यांच्यासमोरून सरकार मागं मागं सरकत जाणार? दरबारात मागं मागं कोण सरकतं? आम्ही सरकतो! सरकार, या पोराला आजच निरोप द्यावा. मोटार आजारी आहे असं कळवू."

डोळ्यांसमोर चुलता आला, मग म्हशी आल्या.

तेवढ्यात मामांनी घसा साफ केला. हळू बोलणं त्यांना येतच नसे; कबुतरं उडाली.

"गुन्हा माफ, सरकार. सरकारांचं तोंड जिकडं, पुढची बाजू तिकडं. चोपदाराचा रिवाज हाच आहे. आम्ही रस्ता बघत नाही, मुखडा बघतो."

"आणि मोटार जाते ती बाजू?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"ती मोटारीची. मोटार नोकर आहे, कारभारी. नोकर धन्याच्या पाठीशीच राहणार."

सरकारांना हे पटत चाललेलं दिसलं. ते म्हणाले, "मग चोपदार, तुमची जागा?"

"मुखासमोर, सरकार. म्हणजे घाटाच्या पायथ्याशी. तिथून ललकारी देईन. वरपर्यंत पोचवीन."

सरकारांनी मान हलवली. माझी नोकरी आणखी काही दिवस लांबली आणि पायफळी मोकळी झाली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "मामा, असा रिवाज खरंच आहे?"

"सवेरे तक नी थो," ते म्हणाले. "अब है."

चढाईच्या दिवशी मोटारी एकामागून एक सोडल्या. साहेबांची मोठी गाडी गेली, देवासची गेली, मग आम्ही. मी मान मागं वळवून रस्ता बघतोय, शेजारी सरकार दरीकडं तोंड करून ताठ बसलेले, आणि खालून मामांची "निगाह रखो" डोंगरात घुमतेय. खालचे लोक आधी हसले. मग सरकारांनी त्यांच्याकडं बघून हात वर केला, तसे झुकून मुजरे करू लागले. कुठलीही मिरवणूक लोकांना इतका वेळ मुखडा दाखवत नाही.

तिसऱ्या वळणावर देवासची मोटार वाफा सोडत उभी होती आणि तिची माणसं तिच्या नाकावर पाणी ओतत होती. आम्ही शेजारून गेलो, तसे दोन्ही सरदार समोरासमोर आले.

"कुठं निघालात, घरी?" देवासच्या सरदारांनी विचारलं.

"वर," सरकार म्हणाले. "आपण बसा."

मुजरा झाला, उलट मुजरा झाला. "ड्रायव्हर, जरा थांब, खुशाली विचारू," असं सरकार म्हणाले. थांबलो असतो तर त्या चढावर पुन्हा निघणं कठीण होतं. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवून मी तसाच चढत राहिलो. मान इतकी आखडली होती की पुढं चार दिवस मी सगळ्यांकडं खांद्यावरूनच बघत होतो.

पोचलो. साहेबांची गाडी केव्हाच पोचली होती, आम्ही दुसरे. देवासची गाडी चढलीच नाही. सरकारांना आपण दुसरे आलो याचं काहीच वाटलं नाही. वाटेत मागं राहिलेले सगळे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते आणि पुढं गेलेला कुणी त्यांना दिसलाच नव्हता. त्याच संध्याकाळी माझी नेमणूक पक्की झाली.

मग कारभाऱ्यांनी मामांचाच रिवाज पुढं काढला. चोपदाराची जागा मुखासमोर, आणि मोटारीत मुखासमोर तर इंजिन असतं. तेव्हा मोटारीत चोपदाराला जागा नाही. मागचा बाक पुन्हा आला, छत्री आली, पानदान आलं. मामा तेवढे देवडीवर राहिले. त्यांचे वडील, आजे सरकारांच्या घराण्यापुढं उज्जैनपर्यंत चालत गेलेले. आता मी मोटार काढतो, मामा फाटकाशी ललकारी देतात आणि आम्ही वळण घेईपर्यंत उभे राहतात. देवडीवरचे शिपाई टोमणा मारतात, "क्यों मामा, मोटार गेली, तुम्ही इथंच?" मामा म्हणतात, "ड्रायव्हर आपला आहे रे." ते ऐकलं की मला मान वर करवत नाही.

मामांचं घराणं मूळचं देशावरचं, पण चार पिढ्यांत त्यांच्या घरात कुणी जेजुरी पाहिलेली नाही. देव्हाऱ्यातल्या खंडोबालाच ते म्हणतात, "बोलावशील तेव्हा येऊ." मी त्यांना नेणार आहे. खांडव्यापर्यंत कसं जायचं, पुढं गाडी कुठं बदलायची, सगळं विचारून ठेवलंय. रजा मिळायला वेळ लागेल, कदाचित बरीच वर्षंही लागतील. पण नेईन. गडाच्या पायऱ्यांवर त्यांचे गुडघे कुरकुरले तर हात धरीन, आणि सबंध गड ते पुढं आणि मी मागं असा चढेन.