नेब्रास्काचं गवत आणि मोहितेकाका

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. चार माणसं रोज एका खोलीत बसली की ते आपोआप साठत जातात. त्यात एखादा जरी संशयी असला तर मग विचारूच नका! आमच्याकडे चारही तसलेच.

आमचं ऑफिस बडोद्यात, अलकापुरीत, चष्म्याच्या एका दुकानावर. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात डेल नावाचा एक म्हातारा आहे. तो तिकडच्या माळरानाचे डिजिटल फोटो काढून ऑनलाइन विकतो. शोधणाऱ्याला ते सापडावेत म्हणून प्रत्येक फोटोला नाव, माहिती आणि कीवर्ड लिहायचे, हे आमचं काम. आमचे मालक भावेशभाई. त्यांच्याकडे मोठं काम हे एकच, त्यामुळे डेल गेला की शटर खाली! मग मी, हेतल आणि मोहितेकाका, तिघंही घरी.

काका जुन्या बडोद्यातल्या पाणीगेटचे. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली तरी "का दिली?" विचारणारा माणूस.

*

पहिल्याच दिवशी पहिला फोटो उघडला. खाली गवत, वर आकाश. बस्स.

काका म्हणाले, "फाईल अर्धीच उतरलीय. परत मागव."

परत मागवली. तेच. काकांनी तिसऱ्यांदा मागवायला लावली. "महत्त्वाचं काहीतरी कापून पाठवतोय हा. खरा माल स्वतःकडे ठेवत असेल!"

शेवटी डेलचा ईमेल आला, "फोटो पूर्ण आहे. आमचं राज्यच असं दिसतं."

काकांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "बघा, कसा सारवासारव करतोय."

*

एकदा एका उंचच उंच सिमेंटच्या इमारतीचा फोटो आला. माळावर एकटीच उभी, खिडकी एक नाही. फाईलचं नाव ‘एलिव्हेटर’. हेतलने झूम करकरून लिफ्टचं दार शोधलं. मिळालं नाही, तरी तिने इमानाने कीवर्ड टाकले : लिफ्ट, लिफ्ट सर्व्हिस, बंद लिफ्ट.

पुढच्या आठवड्यात डेलने विचारलं, "आमच्याकडे धान्याच्या कोठाराला एलिव्हेटर म्हणतात. त्याचा फोटो एका लिफ्ट दुरुस्तीवाल्याने का विकत घेतला असेल?"

भावेशभाईंनी कपाळाला हात लावला. हेतल शांतपणे म्हणाली, "वेचाई गयो ने? पछी शुं!" म्हणजे, विकला गेला ना, मग झालं!

*

मी राहतो सुभानपुऱ्यात. तिथल्याच एका घरी मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, आणि मुलीच्या मामांनी विषय काढला.

"काय करता आपण?"

"ऑनलाइन फोटो विकतो."

सगळ्यांचे चमचे थांबले. "कुणाचे?"

"कुणाचेच नाही हो! त्यात माणूसच नसतो. नुसतं गवत."

मामांनी खुर्ची पुढे ओढली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "कसलं गवत?"

त्यांच्याकडून अजून निरोप आलेला नाही.

*

मग जुन्या फोटोंचा गठ्ठा आला. गवताच्या मुळांसकट मातीचे ठोकळे कापायचे आणि त्यांचीच घरं बांधायची, तशी घरं. पुढे अख्खं कुटुंब उभं, आणि एकाच्याही तोंडावर हसू नाही. माहितीत डेलने लिहिलं होतं, ‘ओसाड पडलेली जमीन सरकारने इथे वस्ती करणाऱ्यांना फुकट दिली.’

काकांचा माउस तिथेच थांबला. "फुकट? विचार त्याला, आधी कुणाची होती?"

हेतल म्हणाली, "काका, गिऱ्हाईक आहे तो. नाराज होईल ने!"

"होऊ दे. आमच्या पणजोबांना फौजेतल्या चाकरीची जमीन मिळाली, तीसुद्धा आकाशातून पडली नव्हती."

घाबरत घाबरत मीच ईमेल लिहिला. दोन दिवस उत्तर नाही. भावेशभाई माझ्याशी बोलेनात. मग एका ओळीचं उत्तर आलं : "पॉनी लोकांची होती, इथल्या मूळ आदिवासींची. तसं लिहा."

मला फार बरं वाटलं. ‘ओसाड’ हा शब्द आम्ही खोडला. काका मात्र म्हणाले, "एवढ्या लवकर कबूल झाला? आणखी काहीतरी असणार."

*

आणि हा गेल्या महिन्यातला. डेलने कळवलं, "तुम्ही हल्ली फार भराभर आणि फार गोड लिहिता. माणसं असं लिहीत नाहीत. मशीनच लिहीत असेल, तर मला तुमची गरज काय?"

त्याला व्हिडिओ कॉल हवा होता. आमची संध्याकाळ, त्याची सकाळ. आम्ही चौघं एका लॅपटॉपसमोर दाटीवाटीने बसलो. हेतलने तर घरी सांगूनही टाकलं होतं, की नोकरी गेली म्हणून समजा.

डोक्यावर टोपी घातलेला डेल हसलाच नाही. त्याने एक फोटो दाखवला. "हा मशीनला दाखवला. ते म्हणालं : गवत, कुंपण, आकाश, शांतता. आता तुम्ही सांगा."

हेतल म्हणाली, "गवत, कुंपण..." आणि थांबली. मला तर ‘शांतता’च्या पुढे काही सुचेना. भावेशभाईंनी रुमाल काढला.

काका स्क्रीनला नाक लावून बघत होते. "शांतता कसली? भांडण आहे हे!"

"काका, प्लीज!" मी कुजबुजलो.

"अरे, नीट बघ. कुंपण नवं आहे. त्याच्या पलीकडे गवतात जुन्या खांबांची खुंटं आहेत. आणि एक नाही, दोन ओळी! म्हणजे कुंपण दोनदा सरकलंय, आणि दोन्ही वेळा फोटो काढणाऱ्याच्याच जमिनीत. हे परक्याचं काम नाही. परका एकदम गिळतो. हात हात सरकतो तो भाऊ! भाऊबंदकी आहे ही. सांग त्याला."

सांगितलं. खांब सांगितले, दोन ओळी सांगितल्या. भाऊबंदकीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येईना, म्हणून नुसतंच म्हटलं, "ब्रदर."

डेलने टोपी काढली. बराच वेळ तो खिडकीबाहेर बघत राहिला. आम्हाला वाटलं, कॉल अडकला.

मग तो म्हणाला, "काम तुमच्याकडेच राहील."

भावेशभाईंनी डोळे मिटून हात जोडले. डेल कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "फक्त एक खरं सांगा. तुम्हाला माझ्या भावाचा फोन आला होता का?"